जिप्सीतल्या सहा जागा

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, यंदाचं ताडोबा मी बघते, तू फक्त यादी पाठव." तेव्हापासून मला फार बरं वाटतंय. दोन खेपा मी केल्या. तिसरी तुझ्या हातून झाली की हा आपल्या घराचा रिवाजच झाला म्हणायचा. यादी पाठवतेच आहे. पण यादीत न मावणारं बरंच काही आहे, आणि मागे कुकरच्या शिट्ट्या चालू असताना ते फोनवर सांगता येत नाही. म्हणून निवांत बसून लिहितेय. तूही निवांत वाच.

आधी एक आकडा मनात पक्का कर: सहा. जंगलात जाणाऱ्या जिप्सीत आपल्यासाठी सहाच जागा असतात. पुढे ड्रायव्हर आणि गाईड, मागे दोन बाकं, एकेका बाकावर तिघं. आपण एकवीस माणसं, म्हणजे चार जिप्सी. कोणी कोणाबरोबर बसायचं हा प्रश्न वरवर हिशेबाचा वाटतो. पहिल्या वर्षी मीही तो हिशेबानेच सोडवला आणि तिथेच चुकले.

तुला आठवत असेल, मी घराप्रमाणे वाटणी केली होती. आईबाबांना धरून आम्ही सहा, एक जिप्सी भरली. तुम्ही पाच, दुसरी. दादाकडचे चार, तिसरी. तुझ्या भावाकडचे तिघं आणि ह्यूस्टनहून आलेली दोघं, चौथी. वीस झाले. राहिली आत्या. तीन जिप्सींत मिळून चार जागा रिकाम्या होत्या, तेव्हा मी म्हटलं, आत्या काय, कुठेही बसेल. पहिल्या सफारीला तिला दादाच्या जिप्सीत बसवलं, दुसऱ्या सफारीला तुमच्या. दोन्ही वेळा मागच्या बाकावर. तिसऱ्या दिवशी पहाटे सगळे स्वेटर, मफलर गुंडाळून अंगणात उभे होतो, तर ती दारातूनच म्हणाली, "मी खोलीवर थांबते गं, गुडघा धरलाय." मी तिला बाम दिला, गरम पाण्याची पिशवी दिली आणि गेले. मला ते खरंच वाटलं होतं.

पुढे दिवाळीला ती माझ्याकडे आली होती. दुपारी शंकरपाळे कातत बसलो होतो. विषय असाच निघाला आणि कातणं हातात तसंच धरून ती म्हणाली, "दोन्ही वेळा मला सगळे 'या, इथे जागा आहे' म्हणाले. 'आमच्याबरोबर चला' असं कोणी म्हणालं नाही." एवढंच बोलली आणि पुन्हा शंकरपाळे कातायला लागली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. यात तुमचा कोणाचा दोष नाही, वाटणी माझी होती. ज्या बाईने शाळेतल्या पगारातून माझ्या बाबांची आणि तुझ्या बाबांची शिक्षणं केली, भावांची लग्नं लावून दिली आणि स्वतःचं तेवढं राहून गेलं, तिला मी उरलेल्या जागेवर बसवलं होतं. एकत्र कुटुंबात एकट्या माणसाला आपण असंच बसवतो. लग्नाच्या पंगतीत, फोटोत, गाडीत. ते माणूस बोलत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही.

तेव्हा माझं पहिलं आणि सगळ्यात मोठं सांगणं हेच, की वाटणी घराप्रमाणे करू नकोस. घरं तर वर्षभर एकत्रच असतात. तिथेही नवरा, बायको आणि मुलं एकाच जिप्सीत बसली, तर एवढ्या लांब जाऊन भेट झाली कोणाची? नावांची यादी करशील तेव्हा सगळ्यात एकटं माणूस आधी लिही, आणि त्याच्याभोवती बाकीची माणसं बसव. त्याला विचार, तुला कोण हवंय बरोबर?

दुसऱ्या खेपेला मी हेच केलं. आत्याला फोन केला आणि विचारलं. मला वाटलं होतं, ती नातवंडांची नावं घेईल. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "माझे दोघे भाऊ माझ्या दोन बाजूंना बसव."

आता तुला सांगायला नको, तेव्हा बाबा आणि काका तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बल्लारपूरच्या घरावरून जे काही झालं, त्यात कोण बरोबर, कोण चूक हे मी तुझ्याशी कधी बोलले नाही आणि आजही बोलणार नाही. पण मी घाबरले होते. आईने तर सरळ सांगितलं, "असलं काही करू नकोस, ट्रिपचा विचका होईल." तरी मी केलं, कारण सांगणारी आत्या होती. पहिल्या जिप्सीत पुढच्या बाकावर डावीकडे बाबा, मध्ये आत्या, उजवीकडे काका. मागच्या बाकावर तुझी लेक, माझा धाकटा आणि दादाची मुलगी.

रुसलेल्या माणसांना एकत्र आणायला जंगलासारखी दुसरी जागा नाही, हे मला त्या सकाळी कळलं. तिथे बोलायचंच नसतं! घरात दोघं समोरासमोर आले की शांतता टोचते, काहीतरी बोलायला हवं असं वाटतं, आणि बोललं की वाकडं जातं. जिप्सीत गाईड पहिल्या पाच मिनिटांतच सांगतो, आवाज करू नका. जवळजवळ चार तास माणसं खांद्याला खांदा लावून गप्प बसलेली असतात आणि त्या गप्प बसण्याचं कोणाला वाईट वाटत नाही. सगळे एकाच दिशेला बघत असतात, एकाच आवाजासाठी कान देतात.

मी दुसऱ्या जिप्सीत होते, पण एका पाणवठ्यापाशी आमच्या गाड्या एकामागे एक थांबल्या, म्हणून मला हे समोर दिसलं. बांबूच्या बेटातून सांबराचा कॉल आला. सांबर असं भांड्यावर काहीतरी आपटल्यासारखं ओरडतं, आणि चितळापेक्षा त्याचा कॉल गाईड जास्त भरवशाचा मानतात. गाईडने हात वर केला. बाबा नीट ऐकायला उठून उभे राहायला लागले, तेवढ्यात जिप्सी थोडी मागे घेतली गेली आणि त्यांचा तोल गेला. काकांनी आत्याच्या मागून हात घालून बाबांचं जाकीट पाठीमागे घट्ट धरलं. बाबा उभे राहिले. काकांनी हात काढला नाही. वाघ आला नाही, बराच वेळ थांबूनही आला नाही, पण तेवढा सगळा वेळ ते जाकीट काकांच्या मुठीत होतं. आत्या समोर बघत होती. तिने मान वळवली नाही. तिला सगळं कळत होतं हे मला तिच्या पाठीवरून दिसत होतं.

नंतर गेटबाहेरच्या टपरीवर काकांनी चहा सांगितला. "सहा चहा, त्यातला एक बिनसाखरेचा." बाबांना साखर निघाली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत दोघं बोललेलेच नव्हते, म्हणजे काकांनी ते दुसऱ्या कोणाकडून तरी ऐकून लक्षात ठेवलं होतं. घराचा वाद मिटला असं मी तुला सांगणार नाही, तो आहेच. पण आता दर रविवारी सकाळी एकाचा दुसऱ्याला फोन जातो, हे तुला माहीत आहे.

बरं, आता जरा कोरड्या गोष्टी.

महिना निवडताना आपल्या घरातली सत्तरीपुढची चार माणसं आणि दहाच्या आतली मुलं डोळ्यांपुढे ठेव. वाघ बघायचा तर उन्हाळा, असं तुला जो तो सांगेल, आणि ते खरंही आहे. पाणवठे आटतात, जनावर पाण्यावर येतं, गवत वाळल्यामुळे लांबवरचं दिसतं. पण चंद्रपूरचा मे महिना म्हणजे ४५ अंशांच्या पुढचं ऊन, आणि जिप्सीला वर छप्पर नसतं. आत्याला आणि काकूला त्यात नेऊ नकोस. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या उघड्या जिप्सीत गारठा हाडात शिरतो, पहिल्या वर्षी आपण तो अनुभवलाय. मला विचारशील तर फेब्रुवारीचा शेवट, महाशिवरात्रीच्या सुट्टीला जोडून. सकाळी एक शाल पुरते, पळस पेटलेला असतो. मुलांची शाळा दोन दिवस बुडली तर बुडू दे. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, बंद असतं आणि एरवी दर मंगळवारी सुट्टी असते. हे तारखा ठरवण्याआधी बघ, रेल्वेची तिकिटं काढून झाल्यावर नको.

गेट आधी ठरव आणि राहायची जागा त्या गेटजवळच घे. लोक उलटं करतात. आधी छान दिसणारं रिसॉर्ट ठरवतात आणि मग मिळेल त्या गेटची सफारी घेतात. मोहर्ली एका टोकाला, कोलारा दुसऱ्या, आणि एका गेटहून दुसऱ्या गेटला जंगलाबाहेरच्या रस्त्याने जायचं तर फार लांबचा वळसा पडतो. पहाटे चारला उठून म्हाताऱ्या माणसांनी आधी गाडीत दीड-दोन तास बसायचं आणि मग जिप्सीत चार तास, हे बरं नाही. आपल्याला मोहर्लीच बरं. चंद्रपूरहून ते तीस-एक किलोमीटरवर आहे, आणि पुण्यामुंबईची मंडळी रेल्वेने नागपूरला माझ्याकडे उतरली की पुढे दीडशे किलोमीटर चंद्रपूर. वाटेत वरोऱ्याला आनंदवन लागतं. तिथे तासभर थांबा, मुलांना बाबा आमट्यांचं काम दाखवा. मागच्या वेळी आपण घाईत पुढे निघून गेलो, ते मला अजून खटकतंय.

बुकिंग वनखात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच कर. तशीच दिसणारी खोटी संकेतस्थळंही असतात, तिथे पैसे भरून हातात काहीच येत नाही. शनिवार-रविवारी दर जास्त असतो, तेव्हा मधल्या वाराची सफारी मिळाली तर चांगलंच. प्रत्येकाचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच भर आणि तेच ओळखपत्र बरोबर आणायला सांग, फोटो काढलेला नको. ह्यूस्टनच्या दोघांकडून पासपोर्टचे नंबर आधी मागवून ठेव. एकदा परमिटवर नावं गेली की गेटवर ऐनवेळी माणसं इकडची तिकडे करता येत नाहीत. म्हणूनच मी वाटणीचं इतकं लावून धरलंय. ती महिनेमहिने आधी तुझ्या टेबलावर होते, आणि नंतर तुला ती बदलता येत नाही.

दोन सफारी कोअरच्या आणि एक बफरची घे. बफरला, म्हणजे बाहेरच्या पट्ट्याला, लोक नाकं मुरडतात, पण आगरझरीला आपल्याला अस्वल दिसलं होतं ते विसरू नकोस. आणि लागोपाठ नको. एक दिवस संध्याकाळ मोकळी ठेव. सगळ्यांनी अंगणात नुसतं बसायलाही वेळ हवा ना.

म्हाताऱ्या माणसांना नेहमी पुढच्या बाकावर बसव. मागचं बाक उंच असतं आणि चाकांवर येतं, त्यामुळे खड्डा आला की कमरेत कळ जाते. जिप्सीत चढायला पायरी उंच पडते, तेव्हा एक ठेंगणं लाकडी स्टूल बरोबर ठेव. ते मी माझ्या डिकीत ठेवूनच देते. आणि हे बायकांमधलं बोलणं आहे, पण बोलायलाच हवं. आपल्या घरातल्या मोठ्या बायका सफारीच्या दिवशी पहाटेपासून पाणी पीत नाहीत. लघवीला कुठे जायचं ही चिंता. आत ठरावीक ठिकाणीच खाली उतरता येतं. तेव्हा निघतानाच गाईडला बाजूला घेऊन विचार, थांबा कुठे आहे, किती वाजता पोचू. आणि ते उत्तर काकूला आणि आत्याला जाऊन सांग. त्यांना एकदा वेळ कळली की त्या पाणी पितात. मागच्या वेळी आईला परतल्यावर चक्कर आली ती उन्हाने नव्हे, सहा तास पाण्याचा घोट न घेतल्याने आली होती. बाबांसाठी खिशात बिस्किटं, आणि रिकामा कागद परत खिशातच. धुळीसाठी सगळ्यांना सुती ओढण्या किंवा उपरणी. लाल-पिवळे भडक कपडे नकोत, अत्तर नको.

कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही. मुलं आधी कुरकुरतील, मोठी त्याहून जास्त. पण सुरुवातीला भावंडांपेक्षा फोनमध्येच जास्त रमलेली तुझी लेक दुसऱ्या सफारीनंतर माझ्या धाकट्याशी भांडत होती, की झाडावरचा तो पक्षी तुरेवाला सर्पगरुडच होता. मला ते भांडण फार आवडलं.

मुलांना वाघाचं वचन देऊ नकोस. ही चूक आपल्या दादाने केली आणि शेवटच्या दिवशी पोरगा जेवला नाही. चार जिप्सी चार वाटांनी जातात, एकीला वाघ दिसतो आणि तिघींना नाही, हे होणारच. मग नाश्त्याला एक टेबल उड्या मारतं आणि बाकीची तीन गप्प बसतात. म्हणून दुसऱ्या खेपेला मी एक पद्धत घातली, ती तू चालू ठेव. सफारीवरून आल्यावर वाघाबद्दल काही बोलायचं नाही. रात्री जेवणं झाली की सगळ्यांनी गोल बसायचं आणि लहानापासून थोरापर्यंत प्रत्येकाने आपण पाहिलेली एक गोष्ट सांगायची. काकू बोलली ते आठवतं का? घरात कधी दोन वाक्यांच्या वर न बोलणारी बाई, रानकुत्र्यांची टोळी पाणी पिताना कशी आळीपाळीने राखणीला उभी राहते, ते दहा मिनिटं सांगत होती. काका तिच्याकडे बघतच राहिले होते.

आणि आत्याला शेवटी बोलायला लाव. आपल्या मुलांना ताडोबा म्हणजे वाघ एवढंच माहीत आहे. हे जंगल आपलं कसं, ते फक्त तिला माहीत आहे. आजोबा बल्लारपूरच्या लाकूड डेपोत कारकून होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या सदऱ्याला कापलेल्या सागाचा वास यायचा, असं ती सांगते. ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं १९५५ साली, राज्यातलं पहिलं. तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. त्याच्या शेजारचं अंधारी अभयारण्य १९८६चं आणि दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला १९९५ला, ते सगळं आपल्या डोळ्यांदेखतचं. पण तिच्याकडे त्याच्याही आधीचं आहे. ताडोबा हे नाव तारू नावाच्या गोंड प्रमुखावरून पडलं, तो वाघाशी झुंजला आणि गेला, तळ्याकाठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथे जत्रा भरायची, हे आजोबांनी तिला सांगितलेलं. मोहर्लीकडून तळ्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला जुने दगडी खांब दिसतात, गोंड राजांच्या काळचे. त्यांना दोर बांधून निरोप पोचवत असं म्हणतात. मागच्या वेळी गाईडने ते सांगायला तोंड उघडलं आणि त्याच्याआधी आत्याच बोलली. त्याने हसून तिला नमस्कार केला आणि पुढचा सगळा रस्ता तिलाच विचारत गेला, आजी, हे कोणतं झाड? मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल, हा ऐन. पांढऱ्या खोडाचं, पानं गळून भुतासारखं उभं राहिलेलं, हे कांडोळ. मागच्या बाकावरची तिन्ही मुलं तिच्या खांद्यावरून वाकून ऐकत होती.

जामणीच्या मैदानात तो गाईड म्हणाला, इथे गाव होतं. आता तिथे नुसतं गवत आहे, चितळं चरतात. वाघांसाठी गाव उठून बाहेर वसलं. "त्या दोन चिंचा दिसतात ना, त्या गावातल्या," असं म्हणून त्याने हात केला. आत्याने विचारलं, "तुमचं घर कुठे होतं?" त्याने बोट दाखवलं. गवतच होतं तिथे. नंतर हे ऐकलं तेव्हा माझ्या मनात बल्लारपूरचं घर आलं, आणि मला वाटतं, पुढच्या बाकावरच्या तिघांच्याही मनात आलं असेल. कोणी काही बोललं नाही. ह्या गाईड मुलामुलींशी नीट बोला, त्यांना नावाने हाक मारा. त्यांच्यात आता कितीतरी मुलीही आहेत, आपल्या मुलींना त्यांच्या गाडीत बसव. निघताना बक्षीस हातात द्यायचं ते मुलांच्या हातून दे.

पैशाचं बोलायला तुला जड जाईल, मलाही गेलं होतं. आपल्या घरात कोणाला लाख रुपये जाणवत नाहीत आणि कोणाला पाच हजार जड जातात, आणि हे कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी आदल्या वर्षीच्या दसऱ्यापासून भिशी लावली. ज्याला जमेल तसे, दरमहा माझ्या खात्यात. कोणी किती भरले हे फक्त मला माहीत. ग्रुपवर हिशेब टाकला तो खर्चाचा, जमेचा नाही. हे तू असंच ठेव. कोणी "समान वाटणी करू या" म्हणेल, न्यायाचं वाटेल, पण एका घराची बाई तेव्हा स्वतःचं नाव मागे घेईल आणि कारण सांगेल पोराच्या क्लासचं. तसं होऊ देऊ नकोस. शिल्लक राहिलेले ४,३०० रुपये माझ्याकडे आहेत, ते तुझ्याकडे पाठवते, त्यानेच यंदाची सुरुवात कर.

आणि स्वयंपाक नाही! पहिल्या वर्षी मी, वहिनी आणि तू तीन डबे चिवडा, दीडशे पुऱ्या, लाडू करून नेले होते आणि तिथेही सकाळी उठून चहा, दूध, पोरांचं खाणं बघत होतो. वहिनीची एक सफारी त्यात बुडाली आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या खेपेला मोहर्लीतच गावातल्या बायकांकडून जेवण सांगितलं. झुणका, ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, वर भात. सावजीचा रस्सा एकच दिवस, तोही पुणेकरांसाठी तिखट बेताचा करायला सांगून. त्यांना चार पैसे मिळाले, आपल्याला ऊन भाकरी मिळाली. एकवीस माणसांच्या ट्रिपमध्ये एकाही बाईने हात भिजवू नये, हा माझा हट्ट समज. चहा पुरुष करतील. दादाला येतो चांगला.

एवढं सगळं वाचून दडपून जाऊ नकोस. काहीतरी चुकेलच, एखादी जिप्सी उशिरा येईल, कोणाचं तरी पोट बिघडेल. त्याने काही बिघडत नाही. फक्त फॉर्म भरायला बसशील तेव्हा मला फोन कर, आपण दोघी मिळून भरू. पहिल्या परमिटवर पहिलं नाव आत्याचं घाल. तिच्या आधार कार्डावर आजोबांचं पूर्ण नाव आहे, तसंच लिही. पुढच्या बाकावरची मधली जागा तिची. आणि वयाच्या रकान्यात ७८ लिहू नकोस, माघात तिला ७९ पूर्ण होतात.